सुवर्चलाच्या हातचे कोरे गर्भ

हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेत सुवर्चलाचा हात बदनाम झाला होता. गुंटूरच्या एका शाळामास्तरांची ही धाकटी मुलगी, अतिशय टापटिपीची. पिल्लू कसं घडवायचं याचे जे रासायनिक संदेश माशाची मादी अंड्यात भरून ठेवते, त्यांतला एक ती रंगाने शोधत असे; संदेश असला की गर्भ गडद, नसला की कोरा. तो पिल्लू पोहू लागेपर्यंत टिकतो, असं सगळे धरून चालले होते. हिने सकाळी रंगवलेले गर्भ मात्र गडद दिसत आणि संध्याकाळी रंगवलेले कोरे निघत. असे संदेश बोटाच्या घामानेही नासतात, म्हणून दोष तिच्या हाताला.

"सुवर्चले, कैरीचं आवकाया लोणचं तेवढं घालू नकोस हं," शेजारच्या टेबलावरची वकुळा म्हणे. "बरणीला बुरशी धरेल!"

शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख सुभद्रम्मा मॅडमनी बजावलं, "हे बघ अम्मा, पोरी, आणखी एकदा कर. नाही जमलं तर काम वकुळाकडे देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्यांवरचे दिवे लागताच माशांनी अंडी घातली. या खेपेला सुवर्चलाने निम्म्या अंड्यांना औषध दिलं. त्याने पिल्लाचं स्वतःचे संदेश लिहिणं सुरूच होत नाही. ते आईच्याच संदेशांवर राहतं. बाकी हातमोजे तेच, पाणी तेच, रंग तोच.

संध्याकाळी रंगवून झाल्यावर तिने पहिली, बिनऔषधाची बशी भिंगाखाली धरली. कोरी! मग औषधाची बशी सरकवली. गर्भ जांभळासारखे गडद. हात नासका असता तर हेही कोरे निघायला हवे होते!

तिने हाक मारल्यावर मॅडमनी दोन्ही बशा आलटूनपालटून भिंगाखाली पाहिल्या.

"वकुळे, इकडे ये. बघ."

"अगोबाई! मग हिने नाही पुसलं?"

"पिल्लाने पुसलं गं. आपलं लिहायला लागलं, आणि आईचं पुसून टाकलं."

"आणि मी मेली हिला लोणच्यावरून बोलत होते."

"काम तुझ्याकडेच राहील, अम्मा," मॅडम म्हणाल्या. "उद्या पुन्हा कर, म्हणजे खात्री होईल."

न रंगवलेली जिवंत भावंडं पाण्यात होती. सुवर्चलाने ती भिंगाखाली घेतली. औषधातली नुसता पेशींचा ढीग होऊन थबकली होती. दुसऱ्या बशीत बलकाला वेढून पाठीची नाजूक रेघ उमटली होती. एवढासा जीव, मोहरीपेक्षाही लहान, आणि कुणी न सांगता त्याला कळलं होतं की आता आईचं पुरे. तिच्या अंगावर काटा आला. घरी जायची बस निघून गेली, तरी ती तिथेच बसून होती.