तिवरांतली फळी

पेणच्या कॉलेजात वकिली शिकणारी पोरं खोटा दावा चालवून उलटतपासणी शिकतात. त्यात गावातला म्हातारा म्हणून मला बोलावून प्रतिवादी केला: खाडीच्या बांधाची पाणी अडवणारी फळी काढून शेजाऱ्याचं शेत खाऱ्या पाण्यात बुडवणारा. जन्मात मी असलं काही केलं नाय. पण आम्ही मिठागरातली माणसं. मीठ हातात धरलं की आमच्यात खोटं बोलवत नाय. शपथ तसंच मीठ धरून घेतली, खरीखुरी.

"आजोबा, फळी कुठे लपवलीत?" वकील झालेल्या पोरीने विचारलं.

"मी नाय काढली," एवढंच बोलायचं ठरलेलं. पण तोंडातून निघालं, "खाडीकाठच्या तिवरांत, चिखलाखाली." ओल्या फळीचा गारवा हाताला लागला.

"आजोबा, केस घालवलीत की!" पोरं हसली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी आमच्या बांधावर गेलो. आजवर कुणाच्या बापाला भ्यालो नाय. पण तिवरांच्या चिखलात हात घालायला धजलो नाय.