कुकरातलं माउथपीस

लहान पोराला क्लारनेट द्यायचं असलं की मी आधी त्याला हसायला लावते. हसलं की दात दिसतात. वरचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात, त्यामुळं समोर खिंडार असेल तर सांगते, ‘दात येऊ दे, मंग ये.’ नंतर बोटं बघते. बोटाच्या पोटानं भोक बराबर झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर हवा निसटते आणि पोरगं उगीच स्वतःला दोष देतं.

हे मला कुणी शिकवलं न्हाई. माझे वडील लग्नाच्या बँडात क्लारनेट वाजवायचे, आणि आमच्या घरात पोरीनं वाद्याला हात लावायचा तो पुसण्यापुरता. मी पुसता पुसताच शिकले. वैशाखातली लग्नं आटोपली की वडील दिवसभर झोपायचे, आणि मी न्हाणीत दार लावून वाजवायची. वडिलांना ऐकू जात होतं की न्हाई, ते मला आजवर कळलं न्हाई. ते उठले की एवढंच विचारायचे, ‘पुसलं का बराबर?’

त्यांच्या बँडात एक रीत होती. नवं पोरगं आलं की उस्ताद त्याच्यासाठी माउथपीस निवडायचे. पेटीतलं एकेक काढून वाजवायचे, पोराला वाजवायला लावायचे, आणि त्याच्या दमाला झेपेल ते पुसून त्याच्या हातात ठेवायचे. याला ‘फुंक देणं’ म्हणत. फुंक मिळाली की पोरगं बँडातलं झालं. तोवर त्यानं मिरवणुकीत नुसतं चालायचं. फुंक मिळालेल्या दिवशी पोराची आई सगळ्यांना गूळशेंगदाणे वाटायची. त्या शेंगदाण्यांसाठी मी वडिलांच्या मागं मागं जायची, खोटं कशाला बोलू.

पुढं माझं लग्न झालं, वडीगोद्रीच्या अलीकडच्या या गावात आले, लेकरं झाली, मोठी झाली. काही वर्षांमागं आमच्या शाळेनं बंद पडलेल्या एका बँडाची क्लारनेटं आणली आणि मी बँडवाल्याची लेक म्हणून हेडमास्तर मला बोलवायला आले. म्हणाले, ‘आजी, कुणाला कोणतं द्यायचं ते तुम्हीच ठरवा. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं वाजलं पाहिजे.’

मी शाळेच्या ओट्यावर बसले. पोरं रांगेत. नुसत्या माउथपीसमध्ये फुंकलं की करडू ओरडल्यासारखा आवाज येतो, त्यामुळं रांग हसून हसून वाकडी. त्यात पाचवीतली एक बारीक पोरगी होती. ती हसत नव्हती, माझ्या ओठांकडं बघत होती. तिची बोटं काडीसारखी, पण लांब. तिला मी हलकं क्लारनेट दिलं आणि माउथपीससाठी बराच वेळ घातला. शिकणाऱ्या पोराला रीड, म्हणजे खालून बांधलेली बोरूची पातळ पट्टी, आणि माउथपीसमधली फट कमी लागते, रीड नरम लागते. मी वाजवायची, पुसायची, तिला द्यायची. एकावर तिचा आवाज असा सरळ निघाला की रांग गप झाली. मी म्हणाले, ‘हे तुझं.’

पुढच्या आठवड्यात ती आली ती रडतच. कडक रबराचं काळंभोर माउथपीस हिरवट तपकिरी झालेलं, रबरातल्या गंधकाचा वास मारून राह्यलेलं. रीड जिथं बसते ती सपाट बाजू वाकलेली. फुंकलं तर नुसता फुस्स.

‘आईनं कुकरात घातलं,’ ती म्हणाली. ‘म्हणली, कुणाकुणाचं उष्टं असंल.’

एक पोरगं मागून बोललं, ‘कुकरची शिट्टी झाली आन् हिची गेली.’ सगळे हसले. मलाही हसू आलं, ते मी पदराआड घेतलं.

शाळेकडं जास्तीचं माउथपीस नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, ‘क्लारनेट कपाटात ठेवू, हिला झांजा देऊ.’ पोरीनं क्लारनेटची पेटी घट्ट धरली.

तिची आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. उष्टं या शब्दामागं आपल्याकडं काय काय असतं ते मला म्हाईत आहे, त्यामुळं मी जरा ताठच बसले होते. पण हिच्या मनात तसलं काही नव्हतं. धाकटं लेकरू जुलाबानं दवाखान्यात पडलं होतं, तेव्हा नर्सनं सांगितलं होतं, तोंडात जाणारं सगळं उकळून घ्या. हिनं ते मनावर घेतलं होतं.

‘म्या तर चांगल्यासाठी केलं, आजी. म्याच खराब केलं, म्याच दुसरं आणते. पण तिच्या हातात झांजा देऊ नका. रात्री झोपेत बोटं हलवती ती.’

आम्ही तिघी जालन्याला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माउथपीसांचा डबा पुढं ठेवला. आई म्हणाली, ‘कुणी तोंड न लावलेलं द्या.’

मी म्हणाले, ‘बाई, चप्पल पायात न घालता घेती का तू?’

‘चप्पल तोंडात जात न्हाई, आजी.’

दुकानदार खाली बघून हसला. बाईचं काही चुकलं नव्हतं, म्हणून मी तिला फुंक देण्याची रीत सांगितली, गूळशेंगदाण्यांसकट. तिनं ऐकून घेतलं. मंग विचारलं, ‘सकाळी दात घासलेत ना?’

‘घासलेत. वरचे दोनच राह्यलेत, ते ह्याच्यासाठीच ठेवलेत.’

मंग मी वाजवायची, आई पदरानं पुसायची, पोरगी वाजवायची. बरीच परत ठेवली. एकावर मात्र सूर असा लागला की रस्त्यावरचा भाजीवाला मान वळवून बघायला लागला. पोरगीनं ते परत दिलंच न्हाई. आई म्हणाली, ‘हेच बांधा.’

सव्वीस जानेवारीला ती झेंड्यापुढं वाजवत होती. मध्येच एक सूर फाटला, तिनं डोळे मिटले आणि पुढं गेली.

आता ती जालन्यात कॉलेजला आहे, तिथल्या मुलींच्या बँडात वाजवते. तिच्या आईचा मला अजून फोन येतो. पोरगी सुट्टीला आली की आई विचारते, ‘आजी, माउथपीस धुवायला कोमट पाणी चालंल का?’

‘न्हाई. गारच.’

‘बिलकुल न्हाई?’

‘बिलकुल न्हाई,’ मी म्हणते, आणि मंग आमच्या बाकीच्या गप्पा सुरू होतात.