मे महिन्यातला हीटर

वडखळच्या कोंडीत आज गाडीचा टेंपरेचरचा काटा पुन्हा लालकडे सरकला आणि तापलेल्या रबराचा ओळखीचा वास आला. आमची जुनी मारुतीही एकदा इथेच अशी तापली होती. तेव्हा मुरुडला मावशीच्या लग्नाचा मुहूर्त गाठायचा होता, थांबून चालणार नव्हतं. बाबांनी भर मे महिन्यात हीटर लावला.

"अहो, वेड लागलंय का?" आई मागून ओरडली.

"अगं, इंजिनाची गरमी आत ओढून घेतोय. आपल्याला घाम पुसता येतो, त्याला कुठे येतो?"

मग आई नव्या पैठणीच्या पदराने वाटभर त्यांची मान पुसत राहिली. पैठणीची वाट लागली म्हणून मी मात्र मुरुडपर्यंत फुगून बसले.

आज बाबा नाहीत. मी हीटर लावला. थोड्या वेळाने मागून आईचा सुती पदर माझ्या मानेवर टेकला.