चौकशीमामू आणि आमच्या विहिरीचं पाणी

ज्या घराची चौकशी करायची किंवा पुढंमागं निघायची शक्यता असायची, त्या घरचं पाणी चौकशीमामू पीत नसत. मे महिन्याचं ऊन असो, मंगरूळपीरहून आमच्या आसेगावपर्यंत स्कूटीवर धूळ खात आलेले असोत, पुढे केलेला तांब्या ते हलकेच मागे सारायचे. "ज्याचं पानी पेलो, त्याच्याबद्दल खराब कसं लिहू?" असं म्हणायचे. मग सरळ शेजारच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि तिथं घटाघटा पाणी प्यायचे. माझ्या आईला याचा फार राग यायचा. दारी आलेला माणूस कोरडा गेला की तिला दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं.

आमच्या भागातली मुलं-मुली आता दुबई, जर्मनी, आयर्लंड असल्या ठिकाणी नोकरीला जातात. तिकडचे लोक नेमणुकीआधी उमेदवाराची सगळी कुंडली काढतात. हा सांगतो तिथंच राहतो का, सांगतो तिथं खरंच काम केलं का, कुठं पोलिसांचं लफडं तर नाही ना. हे काम ते एका मोठ्या एजन्सीला देतात, ती बंगळुरातल्या दुसरीला, दुसरी अमरावतीतल्या तिसरीला, आणि या सगळ्या साखळीच्या शेवटच्या टोकाला आमचे मामू. त्यांचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नाही. लहानथोर सगळे त्यांना चौकशीमामूच म्हणत.

आधी मंगरूळपीरला दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माझ्या आईबाबांचा लग्नानंतरचा फोटो त्यांनीच काढलेला. हाताहातांत मोबाइल आले, स्टुडिओ बसला आणि मामू या कामाला लागले. हात मात्र स्टुडिओचाच राहिला. अहवालाला घराचा आणि शेजाऱ्याचा एकेक फोटो लागायचा, कसाही चालायचा. पण मामू शेजाऱ्याला तोंड धुवायला लावायचे, कॉलर सरळ करायचे, खिशातला कंगवा काढून द्यायचे. "तिकडं साहेबलोक पाहातीन. आपला मानूस रडका काहून दिसावा?" परदेशातल्या कुठल्याशा कार्यालयात आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं भांग पाडून, हसऱ्या चेहऱ्यानं जमा झालेली असतील.

मामूंची खरी अडचण वेगळीच होती. आमच्याकडं बाहेरगावचा माणूस नीटनेटके कपडे घालून आला आणि 'अमक्याचं पोरगं कसं आहे' असं शेजारी विचारू लागला, की त्याचा एकच अर्थ होतो. सोयरीक! मग अख्खी गल्ली त्या मुलाच्या किंवा मुलीच्या मागं उभी राहते. केनवडच्या एका मुलाची दुबईच्या हॉटेलात आचारी म्हणून निवड झाली होती. शेजारीण मामूंना ठासून म्हणाली, "पोट्ट्यानं जिंदगीत चुलीचं तोंड नाई पाह्यलं. राजावानी ठेवलं घरच्याईनं." तिला वाटलं, मुलाकडून सैपाक करून घेतात म्हटलं तर मुलीवाले पळतील. शेवटी मामूंनी त्या मुलाला शेजारणीच्याच घरात पोहे करायला लावले आणि तिच्या ओट्यावर बसून खाल्ले. मुलगा दुबईला गेला. हा किस्सा सांगताना हसून हसून मामूंच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

पुढं मला मात्र त्याचं हसू येईनासं झालं, कारण तेच माझ्यावर आलं.

मी नर्स आहे. अकोल्यातल्या एका लहान दवाखान्यात मी दोन वर्षं काम केलं, बरंचसं रात्रपाळीला. पुढं तिथले म्हातारे डॉक्टर वारले आणि दवाखाना बंद पडला. आयर्लंडच्या एका रुग्णालयात माझी निवड झाली ती याच अनुभवावर. आता तो अनुभव खरा आहे हे सांगणारं दवाखान्यात कुणी उरलंच नव्हतं. एजन्सीनं मामूंना कळवलं, की ही मुलगी त्या काळात कुठं होती ते शेजाऱ्यांकडून पक्कं करा. तेवढं जमलं तर नोकरी, नाही तर पुन्हा बाबांच्या मळ्यात वांगी तोडायची.

आमच्या शेजारी गोदाकाकू. माझ्यावर आईपेक्षा काकणभर जास्तच माया. माझं एक स्थळ मुलगी रात्रीची बाहेर असते म्हणून मोडलं होतं, तेव्हा काकू माझ्यापेक्षा जास्त रडल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी आणि गल्लीतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की कुणी विचारायला आलं तर काय सांगायचं. मला त्याचा पत्ताच नव्हता.

मामू आले आणि रिवाजाप्रमाणं काकूंच्या ओट्यावर बसले. चौकशीमामू म्हणजे सोयरिकीची चौकशी करणारे, एवढंच काकूंना ठाऊक. काकूंनी त्यांचे इस्त्रीचे कपडे पाहिले, आत जाऊन चहा टाकला आणि सुरू झाल्या. पोरगी गाय आहे. बारावीनंतर घरचा उंबरा नाही ओलांडला. अकोला? तिनं तर बसस्टँडही नीट पाहिलं नाही. भाकरी अशी पातळ करते. घरचे लोक देवमाणसं, आणि विहिरीचं पाणी तर असं गोड, की पाहुणा दुसऱ्यांदा मागून पितो.

मामूंनी सगळं लिहून घेतलं आणि आमच्या दारात येऊन उभे राहिले. "बेटा, तू अकोल्याले होती का घरी होती?"

"अकोल्याला होते मामू."

"काकू तर म्हनते तू कुठीच नाई गेली."

बाबा मातीचे हात तसेच घेऊन पुढे आले. "मामू, तुमीच तर मंगरूळच्या स्टँडवर कितीदा पाह्यलं हिले अकोल्याच्या गाडीत बसताना. तुमाले ठाऊक आहे न खरं!"

"मले ठाऊक असून काय फायदा भाऊ? मी आपल्या मनातलं लिहत नसतो. लोकं सांगतात ते लिहतो."

"मंग मी आत्ताच सांगतो गोदावहिनीले..."

"अजिबात नाई." मामूंचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "शिकवलेलं उत्तर मले लगेच समजते. उद्या सकाळी येतो मी. तोवर काकूशी यातलं एक अक्षर बोलायचं नाई."

आईनं नेहमीप्रमाणं तांब्या पुढं केला. त्यांनी तो नेहमीप्रमाणं मागं सारला. त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका संताप आला, की तो तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतावा असं वाटलं. संध्याकाळी काकू कुंपणापाशी येऊन मला डोळे मिचकावत म्हणाल्या, "लय चांगलं सांगतलं बरं मी!" आणि मी नुसती मान हलवली. जीभ चावून गप्प बसणं काय असतं ते त्या संध्याकाळी कळलं.

सकाळी मामू आले. आम्ही कुंपणाच्या अलीकडं मेथीच्या जुड्या बांधायचं निमित्त करून बसलो. मामूंनी काकूंकडं पाणी मागितलं, सावकाश प्यायले आणि म्हणाले, "काकू, मी मुलाकडचा मानूस नाई. पोरगी परदेशात नोकरीले जाऊन राह्यली, तिची चौकशी आहे. तिनं लिहलं, मी अकोल्याले नर्स होती. तुमी म्हनता, घरीच होती. म्हंजे तिनं खोटं लिहलं. तसंच कळवू का?"

काकू एकदम उसळल्या. "आमची पोट्टी खोटी? अहो, माह्या मालकाले दम्याचा झटका आला तवा त्याच दवाखान्यात होतो आमी. रातभर ही पोट्टी त्याईच्या उशाशी उभी! पहाटे ड्युटी सुटली का मले खाली चहा पाजाले न्यायची. मी नको म्हनलं का रागवायची मलेच. खोटी मी आहे! लिहा, गोदावरी खोटं बोलली म्हनून लिहा!" आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. कुंपणाच्या अलीकडं आईही रडत होती. मेथीच्या जुड्या कशाबशाच बांधल्या गेल्या.

मामूंनी त्यांना रडू दिलं. मग खिशातला कंगवा काढला. "काकू, केस नीट करा. फोटो घ्यायचा आहे."

अहवालात मामूंनी काहीही लपवलं नाही. पहिल्या दिवशीचं सांगणं लिहिलं, दुसऱ्या दिवशीचंही लिहिलं, आणि खाली एक वाक्य जोडलं, की शेजाऱ्यांना मी मुलाकडचा माणूस वाटलो. ते वाक्य बंगळूर ओलांडून पार आयर्लंडपर्यंत गेलं. मी तिकडं रुजू झाले त्या दिवशी तिथल्या मुख्य नर्सबाईंनी माझा हात हातात घेऊन आधी विचारलं, तुझ्या शेजारच्या काकू बऱ्या आहेत ना? परक्या देशातली माझी पहिली सकाळ त्या प्रश्नानं सोपी झाली.

माझा मामूंवरचा राग केव्हाच गेला होता. त्यांनी परस्पर 'ठीक आहे' लिहून टाकलं असतं, तर मीही गेलेच असते. पण मग दरवेळी काकूंशी बोलताना मनात एक खडा टोचत राहिला असता. आता वॉर्डात पेशंटचे नातेवाईक काहीबाही सांगतात, तेव्हा मी लगेच लिहीत नाही. आधी त्यांना पाणी देते, बसवते आणि विचार करते, हे मला कोण समजून बोलत असतील? ही सवय मामूंची.

बाबा बाजाराच्या दिवशी त्यांना वांगी द्यायला जायचे, तर मामू हात जोडायचे. "भाऊ, तुमच्या लहान्या पोराची चौकशी बाकी आहे न अजून?"

यंदा सुट्टीत मी घरी होते आणि त्या लहान्याची, माझ्या भावाची, चौकशी निघाली. जर्मनीची नोकरी. त्याच्या मोबाइलवर एक लिंक आली. त्यानं दारात उभं राहून स्वतःचाच फोटो काढला, घराचा काढला, बटण दाबलं आणि चौकशी संपली. काकू ओट्यावर तयार होऊन बसल्या होत्या, केस विंचरून. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

चार-आठ दिवसांनी दारात स्कूटी थांबली. मामू उतरले. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, खिशात कंगवा मात्र होता. बाजेवर बसले, सगळ्यांची खुशाली विचारली. भावाची चौकशी कशी झाली तेही विचारलं आणि ऐकून हसले. "बरं झालं. माहं काम संपलं, आता कोनाच्या घरी पाहुना म्हनून जाची बंदी नाई मले."

आई सवयीनं आत बसून होती. एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्यासाठी तांब्या भरणं सोडूनच दिलं होतं.

"वहिनी," मामूंनी हाक मारली, "पानी द्या ना."

आई धावत बाहेर आली. तांब्या इतका काठोकाठ भरला होता, की अर्धं पाणी अंगणातच सांडलं. मामू डोळे मिटून प्यायले, तांब्या खाली ठेवला, आणि मग तोच पुन्हा पुढे केला. "अजून द्या. काकूनं पह्यल्या दिवशी जे जे सांगतलं, त्यातलं हे पान्याचं तेवढं खरं होतं."