शेवटचा बदल

कमांड लाइनवर चालणारा छोटासा प्रोग्राम लिहायचा होता. टाइप केलेल्या आज्ञा वाचण्यासाठी, कुणीतरी लिहून सगळ्यांना खुली ठेवलेली तयार कोडची लायब्ररी मी शोधत होते. एक फार आवडली. तिची माहिती इतक्या आपुलकीनं लिहिलेली, की लिहिणारा शेजारी खुर्ची ओढून बसलाय असं वाटावं.

पलीकडच्या टेबलावरून वैशालीनं डोकावलं. "आधी कोडमधला शेवटचा बदल कधीचा ते बघ."

आम्ही सगळेच ते बघतो, नाडी बघावी तसं. बदल पाच वर्षांपूर्वीचा होता. खाली लोकांच्या अडचणींची रांग, आणि रांगेत सर्वांत वर कुणीतरी विचारलेलं, "इथे कोणी आहे का?" त्याला उत्तर नव्हतं. नुसते अंगठे होते, आम्हीही वाट बघतोय म्हणणाऱ्यांचे.

"गेली ही. दुसरी घे," वैशाली म्हणाली.

दुसरीतला बदल कालचा होता. तिचाही लेखक एकटाच. माणूस असा निघून जातो तेव्हा कुणाला सांगत नाही; एक तारीख तेवढी जुनी होत जाते.

मग मी माझीच, पूर्वी लिहून अशीच खुली ठेवलेली लायब्ररी उघडली. नोकरी बदलल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. तिथेही तोच प्रश्न, दोन वर्षांपूर्वीचा. "आहे," मी टाइप केलं. पण आहे म्हटलं की रांगेतलं पहिलं काम हातात घ्यावं लागतं, मग दुसरं.

मी ते खोडलं. तारीख होती तीच राहिली.