लाल बटनाचा पाय

माझ्या उजव्या हाताची चार बोटं कापसाच्या जिनिंग मिलमध्ये गेली. लोक म्हणते, नलूबाई बेसावध होती. खड्ड्यात गेले ते लोक! बारा वर्सं त्या पट्ट्यावर कापसातला कचरा वेचला म्या, कधी पदर अडकू दिला नाही. पण बोटांचं जाऊ द्या. माझ्या धम्मानं पुन्हा कामाले लागावं, येवढंच मले पायजे.

धम्मरत्न माझा भाचा. त्याची माय गेल्यावर म्याच वाढवला त्याले. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तो मशिनीचे कंट्रोल बोर्ड बनवे. आमच्या जिनिंगचा नवा बोर्डही त्याचाच. एकदा त्यानं मले नखायेवढी चिप दाखवली. म्हणे, "आत्या, हिले शेकडो पाय असते. एकेकाले लिहून सांगा लागते, तू ऐकायचं का बोलायचं. अन् ऐकणाऱ्या पायाले काहीच ऐकू नाही आलं, तं काय समजायचं, हेही सांगा लागते." मशीन झटक्यात थांबवाचं लाल बटन तारेनं एका पायाले जोडायचं होतं; ते दाबलं की तारेतला करंट तुटते. म्हणून त्या पायाले त्यानं सांगून ठेवलं होतं: काही ऐकू नाही आलं, तं मशीन थांबव.

मशीन बसली, पण बटनच आलं नाही. बटनाबिगर ती चालेना, अन् मालकाले तं चालवून पाहायची घाई! मंग धम्मानं तेवढ्यापुरतं त्या पायाले उलटं सांगितलं: काही ऐकू नाही आलं, तं सगळं ठीक समज. बटन दसऱ्याले येणार होतं. तवा सुलटं करतो म्हणे.

दसऱ्याले म्याच त्याले नागपूरले ओढून नेलं. दरसाली आम्ही दीक्षाभूमीवर जातो, गर्दीत त्याचा हात मी सोडत नाही. "मशीन काय पळून जाऊन राह्यली का? उद्या कर!" हे माझेच शब्द.

इकडे मुहूर्तावर फिटरनं बटन जोडलं. मालकानं त्याले हळदीकुंकू वाहिलं, हार घातला. पूजेचं बटन कोण दाबून पाहते? दुसऱ्या दिवशी धम्मा गेला, तं मालक म्हणे, "गेटवर कापसाच्या गाड्या उभ्या हायेत. चालत्या मशिनीले हात नको लावू. दिवाळीत बंद राहील, तवा कर." पाच मिनिटाचं काम, अन् हे पोरगं गुमान वापस आलं! भांडाले काय झालं होतं रे तुले?

दिवाळीच्या दोन दिवस आधी पट्ट्याच्या रोलरनं माझा हातमोजा ओढला. माझ्यासंगं कचरा वेचणारी जमनी बटनापाशीच होती. तिनं वाळका हार तोडून फेकला, बटन दाबलं. पुन्हा दाबलं. बुक्क्या हाणल्या. मशीन चालतच राह्यली.

दवाखान्यात धम्मा खाटेपाशी बसला. म्हणे, "आत्या, एकच ओळ होती. माझी होती." मले म्हणायचं होतं, लेकरा, तुले नेलं तं म्याच. पण आंगाची आग होत होती. तोंडातून निघालं, "माझ्या डोळ्यासमोरून जाय!"

तो गेला. त्याच दिवशी ती ओळ सुलटी केली अन् काम सोडलं. तवापासून भिंतीकडं तोंड करून पडून राहते.

काल पुन्हा दसरा होता. त्याच्या दारात जाऊन म्हटलं, "चल धम्मा, गाडी लागली." सवयीनं उजवाच हात पुढं केला. त्यानं हाताकडं पाह्यलं अन् दार लावून घेतलं.

"म्याच नेलतं रे तुले!" मी दारातूनच ओरडली. "ऐकलं का? म्याच!"

आतून काहीच ऐकू आलं नाही. आता मी काय समजायचं, हे मले कोण सांगणार?