वहिनीने थांबवलेल्या गोळ्या

माझी वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हे ती गिऱ्हाइकाकडून वदवून घेते. तोवर पिशवी हातात देत नाही. एक आजोबा तिला हेडमास्तरीणबाई म्हणतात. घरी मीही म्हणते, पण दबक्या आवाजात.

वहिनीला यकृताचा जुना आजार आहे. शरीर आपल्याच यकृतावर उठतं, म्हणून रोज गोळ्या. मूल हवं होतं, होत नव्हतं, आणि छत्तिसावं लागलं होतं. टेस्ट ट्यूबचे उपचार सुरू करायला लिव्हरच्या डॉक्टरांची परवानगी हवी होती. नेमके त्यासाठीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे तिप्पट निघाले.

“औषध लागू पडत नाहीये,” डॉक्टर म्हणाले. “दुसरं, जास्त कडक द्यावं लागेल. ते चालू असताना मूल नको.”

दादाचा चेहरा पडला. सोबतीला गेलेल्या मला तर डॉक्टरांचाच राग आला. वहिनी पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. मग म्हणाली, “लागू पडतं, डॉक्टर. मीच दीड महिना घेतलं नाही.”

खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद, जो कुणीच वाचत नाही, तो हिनं वाचला होता. गरोदरपणात जपून, असं त्यात होतं. बाळाला बाधू नये म्हणून बाळाचा पत्ता नसतानाच हिनं गोळ्या बंद केल्या, आणि आम्हाला थांगपत्ता लागू दिला नाही. आणि ही गावाला शिकवते.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “तुम्हीसुद्धा?” वहिनीनं मान खाली घातली. “बरं झालं बोललात. मग औषध बदलायला नको. याच गोळ्या पुन्हा सुरू करा, तुमच्या या गोळ्या गरोदरपणातही चालतील. वर्षभर आकडे ताळ्यावर ठेवा, मग परवानगीची चिठ्ठी मी देतो.”

ते वर्ष दादानं आणि मी कसंबसं काढलं. वहिनी मात्र मजेत. खरं बोलून मोकळी झाली होती. मग चिठ्ठी मिळाली, यकृताला झेपतील अशी बेताची इंजेक्शनं झाली, एकच गर्भ हाती लागला, आणि तोच पोटात ठेवला.

परवा सोनोग्राफीत ठोके दिसले. दादा तोंड फिरवून रडला, मीही. वहिनीनं पोटावरचं जेल पुसलं, घड्याळ पाहिलं, दुपारची गोळी काढली आणि आमच्यादेखत गिळली.

“या गोळीवर आता आपण दोघं आहोत,” ती पोटाला म्हणाली.